रजिस्टरमधल्या ‘भेट’ ह्या एका शब्दामागे काय काय असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इतिहासात एम.ए. करणाऱ्या एका ताईंच्या तालुक्याच्या गावात एका वकिलांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. चारशेच्या आसपास वस्तू, लेबलवर ‘अडकित्ता, पितळ, १९ वं शतक’ एवढंच. जुनं रजिस्टर बघायला मिळालं, पण त्यात बहुतेक ठिकाणी नुसतं ‘भेट’ नाहीतर ‘खरेदी’. गाईड म्हणतात वस्तूंचं वर्णन आणि वर्गीकरण करा, आणि ताईंना लिहायचंय की ह्या वस्तू तिथे आल्या कशा. त्यांनी विचारलंय, हा विषय होतो का, आणि माहितीच नसेल तर सुरुवात कुठून करू?

विषय होतो, अगदी नक्की होतो. संग्रह कसे जमले, कोणी जमवले, कशासाठी जमवले, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कशा गेल्या, ह्याचा अभ्यास जगभर गेली कित्येक वर्षं स्वतंत्रपणे चालतो. आपल्याकडे तो कमी झालाय, आणि मराठीत तर फारच कमी, म्हणून तुमचा प्रश्न वाचून मला मनापासून बरं वाटलं. मी बावीस वर्षं संग्रहालयांच्या नोंदणीचं काम करतेय, म्हणजे रजिस्टर, वस्तूंवरचे नंबर, जुनी पत्रं, पावत्या ह्यांच्यातच माझा दिवस जातो, तर त्या अनुभवावरून जे सांगता येईल ते सांगते. जरा लांबेल.

आधी एक गोष्ट. तुम्ही लिहिलंय की ‘माहितीच नाहीये’. मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळी आहे. माहिती आहे, पण ती ‘भेट’ ह्या एका शब्दात दाबून बसवलेली आहे. हा शब्द इतका सोज्वळ आहे की पुढे काही विचारावंसंच वाटत नाही. मी आजवर जेवढ्या ‘भेटी’ उलगडल्या त्यात कोणी प्रेमाने आणून दिलेलं होतं, कोणी वाडा विकताना ठेवायला जागा नाही म्हणून दिलेलं होतं, कोणी बघायला म्हणून दिलं आणि परत मागायचं राहून गेलं, कुठे प्रत्यक्षात पैसे दिले होते पण देणाऱ्यालाच ‘विकलं’ असं लिहून घ्यायचं नव्हतं, आणि कुठे समोरचा माणूस एवढा मोठा होता की नाही म्हणायची सोयच नव्हती. रजिस्टरमध्ये सगळ्यांना शब्द एकच.

ह्या शेवटच्या प्रकाराचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा संस्थानिकांनी त्याला ज्या असंख्य वस्तू दिल्या त्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी दिलेली ‘जगदंबा’ तलवार आहे, आणि ती आजही तिकडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. कागदोपत्री ती भेट. पण देणारे महाराज तेव्हा जेमतेम बारा वर्षांचे, संस्थानचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली, आणि घेणारा उद्याचा बादशहा. मग ह्या देण्याला काय म्हणायचं? मी स्वतः त्याला सरळ लूट म्हणणार नाही कारण अशा भेटींची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हायची, परतभेटी दिल्या जायच्या, पण ‘स्वखुशीने दिलेली भेट’ असंही मला लिहवणार नाही. संग्रहाचा इतिहास लिहायचा म्हणजे ह्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत काय घडलं ते लिहायचं.

आता वाघनखांचं बघू, कारण त्यात ही पद्धत फार स्वच्छ दिसते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा खरी की खोटी ह्यावर केवढं रान उठलं. त्या गोंधळात डबीवरचा मजकूर नीट वाचणारे थोडे होते. त्या वाघनखांबरोबरच्या डबीवर इंग्रजीत जे लिहिलंय त्याचा आशय असा, की ही शिवाजीची वाघनखं, ज्यांनी त्याने मुघल सरदाराला मारलं, आणि ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट (दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी) होते तेव्हा पेशव्यांच्या पंतप्रधानाने ती त्यांना दिली. हे शांतपणे वाचा. अफजलखान आदिलशाहीचा, मुघल नव्हे, म्हणजे लिहिणाऱ्याला प्रसंग ऐकून माहीत होता पण बारकावे माहीत नव्हते. ‘रेसिडेंट होते तेव्हा’ असं भूतकाळात लिहिलंय आणि त्यांच्या नावापुढे स्कॉटलंडमधल्या इस्टेटीचं नाव आहे, म्हणजे मजकूर साताऱ्यात बसून लिहिलेला नाही, नंतर तिकडे लिहिलेला वाटतो. देणाऱ्याचं नाव नाही, नुसता हुद्दा आहे. प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा, डफ साताऱ्यात आला १८१८ ला, म्हणजे मधली जवळजवळ एकशे साठ वर्षं पूर्ण कोरी. मग डफ घराण्याकडून १९७१ मध्ये ती म्युझियमला गेली, तिथून पुढचं सगळं व्यवस्थित आहे. ती महाराजांचीच आहेत हे सिद्ध करता येत नाही असं म्युझियमही सांगतं.

आता ह्यात महाराजांविषयीचा आदर तसूभर कमी होत नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय कारण असं काही लिहिलं की लोक दुखावतात. उलट माझं म्हणणं असं की ज्या गोष्टीवर आपलं एवढं प्रेम आहे तिच्याबद्दल आपण किती वर्षांचं नक्की सांगू शकतो आणि किती वर्षांचं नाही, हे नीट माहीत असणं हाच आदर आहे. तुमच्या संग्रहालयातल्या साध्या अडकित्त्यालाही हीच पद्धत लावायची: वस्तू कधीची, मजकूर कधीचा, मजकूर लिहिणाऱ्याला काय ठाऊक होतं, आणि कोरी वर्षं कोणती.

बरं, आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. सगळ्यात आधी हे बघा की संग्रह कोणाचा आणि कशासाठी जमला, कारण त्यावर कागद कुठे सापडतील ते ठरतं. राजाचा संग्रह असेल, जसं औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते आणि ज्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं, रविवर्म्यांच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत सगळं एका खेड्यात आणून ठेवलं, तर तिथे संस्थानच्या दप्तरात खर्चाचे कागद असण्याची शक्यता असते. एका माणसाच्या वेडातून जमलेला संग्रह असेल, जसं पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, कवी ‘अज्ञातवासी’, ज्यांनी लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय केलं आणि वीस हजारांच्या घरातल्या वस्तू १९७५ साली सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे दिल्या, तर तिथे निम्मा इतिहास त्या माणसाच्या डोक्यात आणि पत्रव्यवहारात असतो. तुमचे वकीलसाहेब ह्या दुसऱ्या प्रकारातले दिसतात.

आणि सरकारी किंवा शहरी मोठं संग्रहालय असेल तर तिथे राज्यकारभाराच्या सीमा वाचाव्या लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजलेल्या मातीच्या सुंदर बुद्धमूर्ती आहेत. लोक विचारतात, पाकिस्तानातल्या वस्तू मुंबईत कशा? तर पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझन्सने तिथे १९०९-१० मध्ये उत्खनन केलं तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होतं, ते वेगळं झालं १९३६ ला. वस्तू परदेशातून आलेलीच नाही, सीमा नंतर सरकली. त्याच इमारतीत चिनी आणि जपानी वस्तूंची दालनं आहेत, ती समजायला मात्र राज्यकारभार उपयोगाचा नाही, तिथे टाटा घराणं बघावं लागतं, जमशेटजींचे मुलगे सर रतन टाटा आणि सर दोराबजी, त्यातल्या रतनजींचा संग्रह १९२१ ला आला आणि दोराबजींचा १९३३ ला, आणि मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचे चीनशी असलेले जुने संबंध माहीत असावे लागतात. एकाच छपराखाली दोन वस्तू, दोन्हीकडे यायची वाट पूर्ण वेगळी.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा उगम तर प्रदर्शनांत आहे. १८५१ ला लंडनला मोठं प्रदर्शन झालं, नंतर १८५५ ला पॅरिसला, त्यांच्यासाठी इकडून कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा झाले, त्यातून इथल्या संग्रहाची कल्पना पुढे आली. आजची इमारत लोकांना खुली झाली २ मे १८७२ ला. म्हणजे ‘आपला वारसा जपू या’ असा आजचा विचार मुळात नव्हता, ‘ह्या देशात काय पिकतं, काय बनतं, काय विकता येईल’ हा होता, आणि तिथल्या मातीच्या छोट्या बाहुल्या, निरनिराळ्या जातीजमातींच्या पोशाखातल्या, त्यासुद्धा लोकांना कप्प्याकप्प्यांत मांडायच्या त्याच दृष्टीतून समजतात. त्या बाहुल्या बघायला मला फार आवडतात, बनवणाऱ्याचा हात अप्रतिम आहे, पण मांडणी कोणाच्या डोळ्यांनी केली ते विसरून चालत नाही.

तिथे गेलात तर बाहेर बागेच्या बाजूला दगडी हत्ती आहे तो जरूर बघा. घारापुरीचा हा तोच हत्ती ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ च्या सुमाराला तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते तुकडे मुंबईत आले आणि १९१४ ला जोडून पुन्हा उभे केले. अंगावरचे सांधे आजही दिसतात. मी विद्यार्थ्यांना तिथे नेते तेव्हा सांगते, हत्ती कोणत्या शतकातला ते पुस्तकात मिळेल, तुम्ही आधी सांधे बघा, कारण त्या सांध्यांतच त्याचा संग्रहालयापर्यंतचा प्रवास आहे. आणि ज्या वस्तू पोचल्याच नाहीत त्याही ह्या इतिहासातच येतात. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, नंतर जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. म्हणून तुमच्या रजिस्टरमध्ये नंबर आहे पण कपाटात वस्तू नाही असं झालं तर ती ओळ गाळू नका.

आता प्रत्यक्ष काम. मी सुरुवात नेहमी वस्तूपासून करते, रजिस्टरपासून नाही. वस्तू उलटी करा. खरंच सांगते, दर्शनी बाजू सगळ्यांनी बघितलेली असते, बुड कोणी बघत नाही.

एक समई सांगते. मी एका संग्रहालयात नोंदणीचं काम करत होते, तिथे मधल्या उंचीची पितळेची समई होती, रजिस्टरमध्ये ‘समई १, भेट, १९६३’ आणि पुण्यातल्या एका गृहस्थांचं नाव. उलटी केली तर बुडाला तीन वेगवेगळ्या खुणा. एक पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला संग्रहालयाचा नंबर. त्याच्या बाजूला खळीने चिकटवलेल्या कागदी चिठ्ठीचा अर्धा तुकडा, त्यावर जांभळ्या शाईत १७. आणि कडेला टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं, एका बाईचं नाव, मु. कऱ्हाड, शके १८१२. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची जी पद्धत आहे ती माझ्या कामात देवासारखी धावून येते. शके १८१२ म्हणजे १८९०-९१. म्हणजे समई कऱ्हाडच्या एका बाईच्या नावाची, आणि सत्तर वर्षांनी देणारे पुण्याचे एक पुरुष, आडनाव वेगळं.

त्या घराण्यातल्या एका आजी भेटल्या, तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. चिठ्ठीचा फोटो दाखवला तर लगेच म्हणाल्या, अगं ह्या तर वाटण्यांच्या चिठ्ठ्या, भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा प्रत्येक भांड्याला नंबर लावले होते. ज्यांचं नाव कोरलं होतं त्या त्यांच्या आजीच्या सासूबाई, लग्नात माहेरून समयांची जोडी आली होती. जोडी! रजिस्टरमध्ये ‘समई १’. दुसरी दुसऱ्या भावाकडे गेली आणि पुढे मोडीत गेली, स्टीलची भांडी घ्यायला. आणि ही का दिली? तर १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचा वाडा गेला, कुटुंब दोन खोल्यांत आलं, एवढी समई ठेवायची कुठे आणि लावायची कुठे, तर दोन वर्षांनी संग्रहालयाला दिली. आजी सांगताना एकदाच थांबल्या, म्हणाल्या दिली त्या दिवशी आईने आधी ती घासून लख्ख केली, वात लावली, आणि मग पाठवली.

रजिस्टरमधला ‘भेट’ हा शब्द म्हणजे हे सगळं. माहेर, लग्न, वाटण्या, पूर, दोन खोल्या. ह्यातलं एकही अक्षर लेबलवर नव्हतं.

अर्थात प्रत्येक वस्तूला अशी आजी मिळत नाही, माझ्या अनुभवात दहात एखादीच. म्हणून दुसरा भाग, रजिस्टर. ते माहितीसाठी वाचण्याआधी रजिस्टर हीच एक वस्तू समजून वाचा. पहिला प्रश्न, नोंदी त्या त्या वेळी केल्यात की नंतर एका बैठकीत उतरवून काढल्यात? वीस वर्षांच्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत असतील तर ती फेअर कॉपी आहे. किमती बघा. आपल्याकडे दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. १९४८ च्या खरेदीसमोर रुपये-आणे-पै ऐवजी १२.५० लिहिलं असेल तर ती ओळ नंतरची. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर बहुतेक १९५७ ते १९६४ मधली. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘कुलाबा जिल्हा’ लिहिलंय की ‘रायगड’, तेही बघा, नाव १९८१ ला बदललं. नुसत्या अशा खुणांवरून मी एका संस्थेत दाखवलं होतं की त्यांचं ‘मूळ’ रजिस्टर मुळात १९७० च्या दशकातलं आहे, आणि विचारत विचारत गेल्यावर कळलं की खरं मूळ रजिस्टर वाळवी लागली म्हणून एका साफसफाईत रद्दीत गेलं होतं. त्या दिवशी मला घरी येऊन जेवण गेलं नव्हतं. तुमच्या संग्रहालयात जुन्या वह्या, पावत्यांचे गठ्ठे, पोस्टकार्डं तारेत ओवलेली असं काही असेल तर आधी त्याचे फोटो काढा, वर्णन-वर्गीकरण नंतर.

दुसरं, ओळी सुट्या वाचू नका. एकाच तारखेला समई, तलवार, पोथी, कातडी पेटारा अशा चार जातींच्या वस्तू आल्या असतील तर ते एक घर आहे जे त्या दिवशी रिकामं झालं. संग्रहालयं काय करतात, दिवे दिव्यांच्या कपाटात, शस्त्रं शस्त्रांच्या, पोथ्या तिसरीकडे, आणि ते घर कायमचं फुटतं. तुमच्या गाईडनी सांगितलेलं वर्गीकरण उपयोगाचं आहे, मी नाही म्हणत नाही, पण त्याच्या उलट दिशेनेही एकदा जा, तारखेने पुन्हा एकत्र आणा, बघा काय दिसतं.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, वस्तू येण्याची वर्षं कागदावर एका रेषेत मांडा आणि शेजारी तुमच्या भागात काय घडत होतं ते लिहा. १९४८ ला गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, कित्येक कुटुंबं गाव सोडून गेली. त्याच वर्षी कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर जमिनी कुळांच्या झाल्या, इनामं-वतनं गेली, वाड्यांचं उत्पन्न आटलं. १९७१ ला संस्थानिकांचे तनखे बंद झाले. धरणांखाली गावं गेली. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून स्टील घ्यायची लाट आली, आणि मोड घेणाऱ्या कासाराकडे, जुन्या बाजारात, पुण्याच्या बुधवार-रविवारच्या बाजारात वस्तूंचे ढीग लागले, जमवणाऱ्यांनी तिथूनच उचलल्या. वकीलसाहेब होते ना, मग आणखी एक शक्यता, वाटण्यांचे आणि जमिनींचे दावे त्यांच्याकडेच येत असतील, पक्षकारांनी फीबरोबर किंवा फीऐवजी काही दिलं असेल का? मी नुसता अंदाज करतेय, पण त्यांच्या जुन्या डायऱ्या किंवा केसच्या नोंदी घरच्यांकडे असतील तर वस्तू देणाऱ्यांची नावं त्यांच्याशी ताडून बघा. जुळली तर तुमचा प्रबंध तिथेच उभा राहिला.

पण इथे एक सावधगिरी. वर्षं जुळली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. कूळकायद्यानंतर वस्तू जास्त आल्या, कदाचित तेव्हाच वकीलसाहेबांची प्रॅक्टिस चांगली चालायला लागली असेल, हातात पैसे आले असतील, किंवा मोठी जागा घेतली असेल. देणाऱ्याची बाजू आणि घेणाऱ्याची बाजू दोन्ही तपासल्याशिवाय ‘मुळे’ हा शब्द वापरू नका, तोपर्यंत ‘नंतर’ लिहा.

घरांमध्ये जाऊन बोलायचं असेल तर ‘तुम्ही ही वस्तू कधी दिली, का दिली’ असं विचारू नका. विकली असेल तर लोकांना अजून लाज वाटते, विशेषतः देवघरातलं काही असेल तर. ‘ही घरात कुठे असायची?’ एवढंच विचारा. माजघरात, दिवाळीला बाहेर निघायची, हिच्यावर फक्त आत्याच सुपारी कातरायची, असं बोलणं सुरू होतं आणि मग का गेली ते त्यांचं ते सांगतात. बायकांशी वेगळं बोला. रजिस्टरमध्ये देणाऱ्याच्या नावात पुरुष असतो, वस्तू बहुतेक वेळा बाईच्या वापरातली असते, आणि ती देताना तिला विचारलं होतं का ते फक्त तीच सांगू शकते. वाटण्यांचे वाद अजून चालू असतील तर नावं छापू नका, आधी लेखी परवानगी घ्या. आणि वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुन्या असतील तर १९७२ चा पुरावस्तू कायदा, जो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला, तो एकदा वाचून ठेवा, हस्तलिखितांना मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मूर्ती, चित्रं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि ती झालेली असेल तर त्या कागदांत मालकाचं नाव आणि वस्तूचे फोटो असतात, म्हणजे तुम्हाला आयता पुरावा.

मोडी लिपी वाचता येते का? येत असेल तर उत्तम, नसेल तर निदान नावं, तारखा आणि आकडे वाचण्यापुरती शिका, याद्या वाचायला तेवढंही पुष्कळ होतं.

अजून एक गोष्ट, जी रजिस्टरमध्ये कधीच नसते, म्हणजे काय जमवलंच नाही ते. अडकित्ते साठ आणि खुरपं एकही नाही? तलवारी दहा आणि जातं नाही? गावात कुंभारवाडा, चांभारवाडा, महारवाडा होता, तिथल्या घरातली एक तरी वस्तू आहे का? बनवणाऱ्या कासाराचं, तांबटाचं नाव कुठे आहे? केळकरांचं मोठेपण मला इथे वाटतं की त्यांनी दिवे, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या गोष्टी हौसेने जमवल्या, ज्यांना त्या काळी कोणी कलावस्तू म्हणत नव्हतं. तुमच्या वकीलसाहेबांना दोष द्यायचा म्हणून हे लिहू नका, त्यांना ‘जुनं आणि जपण्यासारखं’ म्हणजे काय वाटत होतं ते ह्यातून कळतं म्हणून लिहा. एवढ्या वस्तू स्वतःच्या पैशाने जमवून गावाला देणारा माणूस होता तो.

तर आता एम.ए.च्या हिशोबाने. चारशे वस्तू घेऊ नका, वर्ष पुरणार नाही. सगळ्या रजिस्टरची एक मोठी तक्ता-फाईल करा, वस्तू, तारीख, देणारा, गाव, ‘भेट’ की ‘खरेदी’, आणि शेवटचा रकाना ‘हे मला कशावरून कळलं’, हा रकाना कधीही मोकळा सोडू नका. त्यातून आलेख निघेल आणि गाईडना हवं ते वर्गीकरणही त्याच फाईलमधून निघेल, म्हणजे भांडणाचं कारण उरत नाही. मग तीस-चाळीस वस्तू निवडा ज्यांच्यावर काहीतरी खूण आहे, नाव, चिठ्ठी, नंबर, आणि त्यांचा माग काढा. त्यातल्या आठ-दहा जरी घरापर्यंत पोचल्या तरी भरपूर झालं. बाकीच्यांपुढे प्रामाणिकपणे लिहा, इथपर्यंत कळलं, इथून पुढे कोरं.

पुढच्या वेळी जाल तेव्हा एक टॉर्च, एक भिंग आणि मऊ सुती कापड न्या, पितळ घासू नका, पीतांबरी तर लांबच ठेवा, कडेची टिंबांची अक्षरं तिरप्या उजेडात आपोआप दिसतात. आणि रजिस्टरच्या पहिल्या दोन आणि मधल्या दोन पानांचे फोटो, संस्थेची परवानगी असेल तर, लोकांची नावं झाकून इथेच टाका, शाई आणि अक्षर बघून ते उतरवलेलं आहे की मूळ ते मी सांगायचा प्रयत्न करीन.